बापाला इंग्रजीत काय म्हणतात

लातूरच्या कॉलेजात नव्या पोरापोरींना ग्रंथालयातल्या संगणकापुढं बसवून संदर्भ शोधायला शिकवायचं काम माझ्याकडं आहे. दोन शब्द टाकून कुणी मान वर करून "मॅडम, काहीच न्हाई" म्हणालं की माझं डोकं फिरतं. कारण हेच 'काहीच न्हाई' मी एकदा नांदेडला, विद्यापीठात, भर बैठकीत बोलले होते.

पीएचडीचा विषय मंजूर करून घ्यायला समितीपुढं उभी होते. विषय होता उदगीर भागातले सालगडी. पाडव्याला एका मालकाचं साल धरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच्याच शेतात राबायचं. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. त्याची मला घमेंड होती, अजून आहे. विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात सगळे जुने प्रबंध ठेवलेत. तिथं मी 'सालगडी' टाकून बघितलं, मग तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून बघितला. काहीच आलं नाही. म्हणून समितीला ठणकावून सांगितलं, "या विषयावर आजवर कुणीच काम केलेलं नाही."

समितीतले एक सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "बाई, मग मी कशावर डॉक्टर झालो?"

सगळे हसले. सगळ्यांत आधी माझे मार्गदर्शक. त्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

"वडील काय करतात?" सरांनी विचारलं.

"सालगडी होते, सर."

"मग बापाला इंग्रजीत काय म्हणतात, तेवढं शोधून या. संशोधनाचं नंतर बघू."

'अटॅच्ड लेबर' म्हणतात. ते टाकल्याबरोबर सरांचा इंग्रजीतला प्रबंध सगळ्यांत वर आला. मी तो अख्खा वाचला आणि पुढच्या बैठकीला गेले.

"सर, यात मुलाखती सगळ्या मालकांच्याच हायत. सालगडी एकबी न्हाई." चिडले की माझ्या तोंडात गाव येतं.

"भेटलो होतो ना. ते लोक बोलतच नाहीत."

"कसं बोलतेल? तुमच्याच प्रबंधात फोटो हाय. मालक बाजेवर, तुम्ही खुर्चीवर, गडी खाली मातीत."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या अर्जावर शेरा मारला: विषयावर पुरेसं संशोधन उपलब्ध. नामंजूर.

बाहेर आल्यावर मार्गदर्शक म्हणाले, "जा, पाय धर त्यांचे. पुढच्या खेपेला होऊन जाईल."

"आमच्या घरात पाय धरणारा एक होऊन गेला, सर. बास झालं."

त्यांनी त्यांच्याकडची माझी पीएचडीची जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली. माझ्या नावाआधी डॉक्टर लागलं नाही.