व्होल्टमीटरची सुई आणि मामांची जीप

आमच्या पिकअपमध्ये व्होल्टमीटर आहे, आणि तो मला वाचता येतो असा माझा समज होता.

धाकट्या बहिणीचं, सुरेखाचं, लग्न लोहाऱ्याला. माकणीहून आम्ही निघालो. केबिनमध्ये मी, आई आणि नवरी. मागं हौद्यात पाहुणे. पुढं मामांची जीप. मामा तेरचे, त्यांना आमच्याकडचा रस्ता ठाऊक नाही. पण मामा कुणाच्या मागं चालत नाहीत!

"तू मागनं इंडिकेटर दाखीव," ते म्हणाले, "म्या आरशात बघून वळतो."

गावाबाहेर मी डावीकडं वळलो आणि मीटरची सुई नाचायला लागली. चौदावरून झपकन खाली, परत वर, परत खाली!

"आई, बॅटरी गेली!"

"कुठं गेली?"

"जायच्या बेतात हाय!"

"आन् ही टिकटिक कशाची रं?"

"तिचीच नाडी असंल."

मग मी विजेची बचत सुरू केली. पंखा बंद. गाणी बंद. सुरेखाचा मोबाईल चार्जिंगवरून उपटला (लग्नाच्या दिवशी, नवरीचा!). हॉर्नही वाजवायचा नाही असं ठरवलं, आणि नेमक्या शेळ्या आडव्या आल्या.

"आई, तू वरड!"

"म्या? विहीणबाईंनी बघितलं म्हंजी?"

"विहीणबाई लोहाऱ्यात हायत. वरड!"

आई खिडकीतून अशी ओरडली की शेळ्या तशाच उभ्या राहिल्या, पण हौद्यातल्या आत्यानं घाबरून खाली उडी मारली. आत्याला परत वर चढवलं. शेळ्या सावकाश गेल्या. इंजिन मात्र मी बंद केलं नाही. त्यानंतर लोहारा येईपर्यंत माझी नजर सुईवरून हटली नाही (गाडी मीच चालवत होतो, हे खरं!).

कार्यालयासमोर पोचलो. सनई सुरू. गुरुजी बाहेर आले, "नवरीच्या मामांना बोलवा, वेळ होत आली."

मामा कुठं? जीप कुठं? आईचा चेहरा पांढराफटक! मामाशिवाय नवरी बोहल्यावर न्यायची कुणी? तेवढ्यात फोन वाजला.

"आरं, हितं लगीन न्हाय!" मामा ओरडत होते. "हितं बारसं हाय! लोकांनी गूळपाणी दिलं, आन् माझ्या हातात पाळण्याची दोरी दिली!"

"पण मामा, तुम्ही तिकडं गेलाच कशाला?"

"कशाला? माकणीपस्नं डावा इंडिकेटर दाखवतुयास! फाटा आला, वळलो!"

मी सावकाश खाली बघितलं. सुरेखा मुंडावळ्या सावरत खिडकीत वाकली. "दादा, बघ की. इंडिकेटर लागला की सुई खाली, इझला की वर."

मी इंडिकेटरची दांडी सरळ केली. टिकटिक थांबली. सुई चौदावर अशी गप्प बसली, जणू तिचा काही संबंधच नव्हता! बॅटरी ठणठणीत होती. बिघाड होता तो चालवणाऱ्यात.

गुरुजींनी घसा साफ केला, खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा खाकरले... आणि धूळ उडवत जीप आली! मामांनी उतरल्या उतरल्या सुरेखाचा हात धरला आणि तडक बोहला गाठला. अक्षता पडल्या तसा मी ढसाढसा रडलो. बहिणीवर केवढी माया, असं लोकांना वाटलं. खरं तर सुटलो म्हणून रडत होतो!

जेवताना नवरदेवाच्या आजोबांनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं. "नवरीचा भाऊ व्हय? काय करतो?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "दिवे लावतो!"