जात्याखालचं वारं

धुळाजीला नांदूरघाटच्या आसपास कोण ओळखत नाही? तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शिवारात चालायचा. नारळ उभा राहिला की तिथं बोअरचं मशीन लागायचं. मेंढरं विकून त्यानं हा उद्योग धरला आणि दुष्काळात त्याला जेवायला सवड मिळेना. मला त्या नारळाचा भारी राग. दहांतल्या दोन बोअरला पाणी, बाकीच्यात नुसता फुफाटा, तरी लोक त्याच्याच दारात!

त्या वर्षांत दोनशे फुटांखाली जायला बंदी होती. म्हणून बोअर सहाशे फूट गेला तरी कागदावर दोनशेच. फेल गेला की भोकाच्या तोंडाचा केसिंगचा पाइप उपटून दुसऱ्या बोअरला घालायचा, वर माती लोटायची आणि पुढच्या साली तिथं बाजरी पेरायची.

बारा वर्षांनी आमच्या सहकारी कारखान्यानं डिस्टिलरीचा कार्बन डायऑक्साइड जमिनीत खोल पुरायचं ठरवलं. इंजिनिअरनं सांगितलं, साडेपाचशे फुटांवर लाल गेरूचा जाड थर आहे, तेच झाकण. गॅस त्याच्या कितीतरी खाली राहील. फक्त त्या थराला भोक नको, असलं तर आधी सिमेंटनं बुजवू. गॅस हवेपेक्षा जड, घरात साचला तर भुईवर झोपलेला माणूस उठत नाही.

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो. जुन्या बोअरची यादी मीच केली. तेवीस बोअर, सगळे दोनशे फूट. मला खरं माहीत नव्हतं का? होतं. पण चेअरमन अर्जुनरावांनी दोनदा विचारलं, झाली का यादी, आणि मी सही ठोकली. शेण खाल्लं, दुसरं काय.

सोमवारी गॅस सोडणार होते. शनिवारी सकाळी धुळाजी आला. चेहरा पार उतरलेला. लेकीच्या घरी चल म्हणाला. वाटेत सगळं ओकला. जावयाच्या रानात त्यानंच जागा दाखवली होती. मशीन सहाशे वीस फूट गेलं, शेवटी लाल चिखल वर आला, पाणी नाही. पुढं त्याच सपाट जागेवर जावयानं घर बांधलं. भोक घराखाली होतं, नेमकं कुठं ते त्याला आठवेना. सांगावं तर सगळ्यांचे दोनशे खोटे ठरणार, गाव त्याच्यावर उलटणार. न सांगावं तर लेक सत्यभामा आणि दोन नातवंडं त्याच भुईवर झोपणार.

सत्यभामा भाकरी थापत होती. यानं भलतीच सुरुवात केली, पोरांना घेऊन चार दिवस राहायला ये म्हणे. तिनं विचारलं, ज्वारी काढायच्या दिवसांत, कावून? धुळाजी कोपऱ्याकोपऱ्यात पाय आपटत फिरायला लागला. मला कीवही आली आणि चीडही. एका वाक्याचं काम, पण याचं तोंड उघडेना.

तिनं तवा उतरवला, कोपऱ्यातलं जातं सरकवलं. खाली बोटभर भेग होती. तिनं चिमूटभर पीठ त्यावर सोडलं, ते भोकातल्या वाऱ्यानं वर उडालं.

"आबा, हेच हुडकताय न्हवं?" ती म्हणाली. "त्या दिशी मशीनवाल्यांच्या भाकरी मीच केल्या, सहाशे वीस मी बी ऐकलं. यादीला हे साहेब आले तवा तुमी माझ्यादेखत दोनशे सांगितलं. बापाला खोटं कसं पाडू? गॅस कवा सोडतील नेम न्हाई, म्हणून तवापासून पोरांना माळ्यावर निजवतेय."

धुळाजी खाली बसला. भेगेवर त्यानं तळहात ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना, कारण मीही त्या दिवशी इथंच उभा होतो.

तिथनं तो थेट कारखान्यावर गेला. मी मागे. इंजिनिअरपुढं यादी होती, शेजारी अर्जुनराव.

"ते दोनशे खोटं हाय," धुळाजी म्हणाला. "गेरू फोडलेले आठ बोअर हायेत. एक माझ्या लेकीच्या घरात, एक चेअरमनसाहेबांच्या मळ्यात. चला, दाखवतो."

अर्जुनराव हळूच म्हणाले, धुळाजीचं वय झालंय, यादीवर आमच्या माणसाची सही आहे. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सही माझीच हाय," मी म्हणालो, "आणि धुळाजी खरं सांगतोय."