आतल्या खिशाचा निळा कोट

गल्लीतल्या कुठल्याही मुलीला ऑफिसात नोकरी लागली, की ती बातमी दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या काकूंच्या माडीवर पोचलेली असायची. कारण सरळ होतं. नोकरीचं पत्र हातात पडलं, घरात सगळ्यांचं हसून-रडून झालं, की पुढचा प्रश्न उभा राही, तो म्हणजे घालायचं काय. पहिला पगार महिनाभर लांब, आणि हजर व्हायचं सोमवारी.

काकू आधी त्या मुलीच्या घरी जात. कपाटातलं, पेटीतलं, खुंटीवरचं सगळं पलंगावर पसरायला लावत. मग चष्मा कपाळावर सरकवून एकेका कपड्याला हात लावत. डोळ्यांपेक्षा त्यांचा हातांवर भरवसा जास्त. हा शर्ट बरा आहे, नुसती कॉलर उलटून घेऊ. ही पॅन्ट भावाची का? असू दे, कंबर आत घेतली की तुझीच. हे फुलाफुलांचं मात्र परत आत ठेव, ऑफिस आहे, बाग नाही.

त्यांचा नेम ठरलेला होता. खाली दोन, वर चार, आणि सगळ्यांना सांभाळून घेणारा एक कोट. एवढ्यात माणूस वर्षभर निभावून नेतं, असं त्या छातीठोक सांगत. कपडे भावंडांसारखे हवेत, कोणालाही कोणाशेजारी बसवलं तरी तोंड वाकडं करता कामा नये. निदान चारचौघांत तरी. कॉलर, बाहीची कड आणि बूट, एवढी तीन ठिकाणं स्वच्छ असली, की बाकी माणूस आपोआप स्वच्छ दिसतं. अकरा मुली त्यांनी अशा तऱ्हेने नोकरीला धाडल्या होत्या. बारावी त्यांची स्वतःची लेक.

लेकीला सगळे बारकी म्हणत. होतीच तशी, काडीसारखी. शहरातल्या एका उंच काचेच्या इमारतीत तिला नोकरी लागली, तीही टेबलखुर्चीची. पत्र वाचून झाल्यावर काकूंनी मशीनवरचा अर्धवट परकर तसाच सोडला आणि कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली.

पेटीत तळाशी, डांबराच्या गोळ्यांत, बारकीच्या बाबांचं कापड होतं. बाबा पहारेकरी होते. एका बँकेच्या दाराशी अठरा वर्षं उभे राहिले. त्यांची कंपनी दर दोन वर्षांनी गणवेशाचं कापड द्यायची, जाड, गडद निळं, सुरकुती न पडणारं. शेवटचा तुकडा मिळाला त्याच महिन्यात ते आजारी पडले, त्यातून उठले नाहीत, आणि तो शिवायचा राहिला तो राहिलाच. चार वर्षं काकूंनी त्याला कात्री लावली नव्हती. विकायचं म्हटलं असतं तर गिऱ्हाईक होतं. पण कशासाठी तरी ते थांबलंय असं त्यांना वाटे. आता कळलं कशासाठी. बाबा ज्या दाराबाहेर उभे राहिले, तसल्याच दाराच्या आत आता पोर बसणार, आणि त्यांच्याच कापडात बसणार.

खालचे दोन आणि वरचे चार जमवायला अडचण आली नाही. करड्या रंगाची पॅन्ट मावसबहिणीची, काळा स्कर्ट काकूंनीच पूर्वी एकीसाठी शिवलेला आणि तिने न नेलेला. दोन शर्ट जुने, दोन नवे. सगळा जीव लागला तो कोटात. पाच दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. कॉलरीत कॅनव्हास घातलं, खांदे तीनदा उसवून तीनदा लावले. मशीनचा काज करायचा भाग कधीच मोडला होता, म्हणून काजं हाताने केली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अस्तरासाठी स्वतःचा एक जुना लिंबाच्या रंगाचा झगा कापला. तो थोडा कमी पडला, म्हणून डाव्या बाहीत जोड द्यावा लागला. बारकी शाळेत असताना बसचा पास हरवायची, त्या आठवणीने डाव्या बाजूला आतून एक खिसा केला. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन दोन बोटं माया, म्हणजे पुढे सोडायला जादा कापड, ठेवली. आज काडी असली म्हणून काय झालं, खुर्चीत बसून माणूस सुटतं, पुढे लेकरंबाळं होतात. हा कोट तिला पंधरा वर्षं पुरायला हवा होता.

समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई बघायला आल्या. त्यांनी कोट हातात घेतला, उलटा केला, काजांवरून बोट फिरवलं आणि कौतुक केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, रंग थोडा शिस्तीचा वाटतो नाही? काकू म्हणाल्या, शिस्तीचाच हवा, नोकरीला चालली आहे, सहलीला नाही. दोघी हसल्या.

बारकीने आरशासमोर कोट घातला. बसला असा, की जणू अंगावरच विणला. ती बाहीवरून हात फिरवत राहिली. बाबांचंच ना हे, एवढंच तिने विचारलं. काकू हो म्हणाल्या. मग ती आईच्या गळ्यात पडली, आणि काकूंनी तिला लांब केलं, कारण इस्त्री मोडत होती.

निघायच्या दिवशी काकूंनी आतल्या खिशात एक कागदाची पुडी ठेवली. पुडीत दोन जादा बटणं, सुई, निळा दोरा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, बटण तुटलं तर लाजू नकोस, तिथल्या तिथे लाव.

पुडीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. कधीतरी हात घालेल आणि सापडेल, त्यात मजा होती.

शहर बसने पाच तासांवर. बारकी तिथे दोघी मुलींबरोबर एका खोलीत राहू लागली आणि दर गुरुवारी संध्याकाळी फोन करू लागली. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आज काय घातलंस? तिकडून उत्तर येई, करडी पॅन्ट, पांढरा शर्ट, निळा कोट. कधी काळा स्कर्ट, निळा कोट. कोणी काही म्हणालं का? हो, सगळ्यांना आवडला, कुठून घेतला विचारत होत्या. फोन ठेवल्यावर काकू मशीनवर बसत आणि ती काचेची इमारत डोळ्यांसमोर आणत. त्यांनी ती पाहिलेली नव्हती, पण तिच्यातून चाललेला कोट त्यांना स्पष्ट दिसे. असे सात महिने गेले.

एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि एक थोराड, हसऱ्या तोंडाची मुलगी पिशवी घेऊन वर आली. पलीकडच्या रस्त्यावर राहणारी. इथल्याच विम्याच्या ऑफिसात तिला नोकरी लागली होती. काकूंचा नेम तिला पाठ होता. ती म्हणाली, खाली दोन झालेत, वर चारही जमलेत, आणि कोट तर असा मिळालाय की काय सांगू. फक्त बगलेत आणि पोटावर घट्ट होतो.

तिने पिशवीतून कोट काढून काकूंच्या मांडीवर ठेवला.

काकू मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. त्यांनी न बघताच एक हात कोटावर ठेवला, आणि बोटं पहिल्या काजाशी जाऊन थांबली. मग त्यांनी पाहिलं. डावी बाही उलटी केली. लिंबाच्या रंगाचं अस्तर, आणि त्यात जोड.

हसरी सांगत होती. मुलाखतीला शहरात गेली तेव्हा वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात मिळाला. वापरलेला म्हणायचा तेवढाच, एकदाही धुतलेला वाटत नाही. आतल्या खिशात बटणांची पुडीसुद्धा जशीच्या तशी आहे.

"कोणाचा होता, काही सांगितलं का?" काकूंनी विचारलं.

"दुकानातल्या बाई म्हणाल्या, कुठल्याशा काचेच्या इमारतीत काम करणारी मुलगी आहे, तिने दिला. तिकडच्या वॉचमन लोकांचा गणवेश हुबेहूब याच कापडाचा आहे म्हणे. पहिल्याच दिवशी ही दारातून आत जायला लागली, तर एक साहेब हिच्याच हातात गाडीची किल्ली द्यायला लागले. दुसऱ्याने विचारलं, सही कुठे करायची." हसरीला हसू आवरेना. "मला काय त्याचं? आमच्याकडे एक आजोबा बसतात दाराशी, ते स्वेटर घालतात."

काकूंनी टाचण्यांची डबी ओढली आणि तीन-चार टाचण्या ओठांत धरल्या. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही. त्यांनी मुलीला कोट घालायला लावला, समोर उभं केलं आणि बगलेखाली खुणा केल्या. खांदे चांगले बसले होते. खांदे त्यांनी तीनदा लावले होते.

"शिवणीत कापड आहे का हो सोडायला?" मुलीने काळजीने विचारलं.

काकूंनी टाचण्या काढल्या. "आहे. दोन्हीकडे दोन दोन बोटं."

"उसवल्याशिवाय कसं कळलं?"

"हाताला कळतं."

मुलगी शनिवारी यायचं ठरवून, दोनदा आभार मानून गेली.  काकूंनी ब्लेड घेतलं आणि त्या एका बाजूची शिवण उसवायला लागल्या. आपलेच टाके उसवणं त्यांना नवं नव्हतं, पण हे टाके बारीक होते, सुटता सुटेनात. जुना कपडा उसवला, की आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं. मध्ये एक रेघ पडते, आणि त्या रेघेवरून कपडा किती वापरला ते सांगता येतं. काकूंनी शिवण उघडून कोट खिडकीशी धरला. रेघ नव्हतीच. आतबाहेर सगळं एकच निळं.

सात महिन्यांतले गुरुवार त्यांना आठवले. करडी पॅन्ट, पांढरा शर्ट, निळा कोट.

पोरीवर राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. एका शब्दाने सांगितलं असतं, तर रंगाऱ्याकडे देऊन काळा करून आणला असता. पण काळा कशाला करायचा, हे तिला सांगावं लागलं असतं. आपल्या आईला तोंडाने सांगावं लागलं असतं, की बाबांच्या कापडात मला लोक दारावरची समजतात, आणि मला ते सोसवत नाही. ते सांगण्यापेक्षा पोरीने दर गुरुवारी एक कोट कल्पनेत घातला. आणि आपण तरी काय केलं? अठरा वर्षं ते कापड धुतलं, इस्त्री केलं, ते पाहून माणूस कोण आहे हे जग ओळखतं एवढं रोज बघितलं, आणि पोरीला शिवताना नेमकं तेवढंच विसरलो. मास्तरीणबाईंना दिसलं होतं. त्यांनी सांगूनही पाहिलं होतं.

दुसरी बाजू उसवून झाल्यावर त्यांनी खिशातली पुडी काढली. घडी मोडलेली नव्हती. बटणं, सुई, दोरा त्यांनी नव्या कागदात बांधून परत खिशात ठेवले. ते कोटाचे होते. चिठ्ठी मशीनच्या खणात टाकली. मग पंधरा वर्षांसाठी ठेवलेलं कापड एका दुपारी सोडून टाकलं, नव्या खुणेवर शिवण मारली आणि ओला फडका ठेवून इस्त्री केली. काम नेहमीसारखंच स्वच्छ झालं.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा कोट समोरच्या खिळ्याला टांगलेला होता. काकूंनी खोलीतल्या मुलींचं विचारलं, पाण्याचं विचारलं, सर्दी गेली का विचारलं. मग सांभाळून राहा म्हणाल्या. 

"आज काय घातलं ते विचारलं नाहीस," बारकी म्हणाली.

"सांग."

"काळा स्कर्ट, आणि..." एवढं बोलून ती अडखळली, आणि मग घाईने म्हणाली, "निळा कोट."

काकू उठून कोटाजवळ गेल्या होत्या. बाही हातात धरून त्या म्हणाल्या, "ऐक बाळा. आता उन्हं तापायला लागलीत. तो कोट फार जाड आहे, जीव कासावीस होत असेल तुझा. आता नको घालत जाऊस तो. कुणाला द्यावासा वाटला तर देऊन टाक."

 

"आई, तू केवढी खपली होतीस गं त्याच्यासाठी."

"खपायचं काय त्यात," काकू म्हणाल्या. "कापड घरातलंच होतं."

बारकी रडायला लागली. का रडतेस, हे काकूंनी विचारलं नाही. ती थांबेपर्यंत त्या बाहीवरचा न दिसणारा दोरा वेचत उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी तिला विचारलं, तुझ्या तिकडच्या मुली कोट कुठल्या रंगाचा घालतात ते नीट बघून सांग.