मयतीला दोघी लागतात

अकिलाबी मणेर भांडायची ती मराठीतच. घरात नवऱ्याशी, नातवंडांशी दखनी उर्दू चालायची, पण कुणाची खरडपट्टी काढायची वेळ आली की ती सरळ गावच्या मराठीवर उतरायची. दखनीत भांडलं की लाडानं बोलल्यासारखं वाटतं, समोरच्याला लागतच नाही, असं तिचं म्हणणं. नवरा लालासाहेब स्वभावानं अगदी गरीब. बायको मराठीत सुरू झाली की तो गुपचूप पायात चपला सरकवायचा आणि आपल्या पंक्चरच्या दुकानाकडं निघायचा.

आष्ट्याच्या पुढं, उसात बुडालेली पाणंदवाडी. या गावात अकिलाबीनं जिचा हात हातात घेतला नाही अशी बाई शोधून सापडली नसती. लग्न असो, डोहाळजेवण असो, नाहीतर सण असो, बांगड्या भरायला अकिलाबीच. पाटलांच्या सुनेचा हातही ती तशीच दाबायची आणि ऊसतोड करणारीचाही. सासरी सुख आहे की नाही ते मनगट दाबलं की कळतं, असं ती छातीठोक सांगायची. निव्वळ थाप होती ती. पण बायका ती खरी मानायच्या आणि त्या निमित्तानं मन मोकळं करायच्या.

तिचं दुसरं काम बिनपैशाचं होतं. मुसलमानांत बाईची मयत बाईनंच धुवायची असते. बोरीचा पाला घालून पाणी कोमट करायचं, अंगावरची चादर जराही न सरकवता चादरीखालून हात फिरवायचा, उजवी बाजू आधी, शेवटच्या पाण्यात कापूर. हे एकटीचं काम नव्हे. एकीनं पाणी घालायचं, दुसरीनं धुवायचं. पाणंदवाडीत ही जोडी ठरलेली होती. हमीदा पाणी घालणार आणि अकिला धुणार. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या होत्या आणि तेव्हापासून गावातली एकही मुसलमान बाई या दोघींच्या हाताखालून गेल्याशिवाय मातीत गेली नव्हती.

आता या दोघींचं जमायचं म्हणावं तर तसंही नव्हतं. अकिलाचं घर पीराला मानणारं. गुरुवारी दर्ग्यात उदबत्ती, उरुसाला चादर, घरात पीराच्या नावानं जेवणावर फातेहा पढायचा. हमीदाचं घरही आधी तसंच होतं. पण तिचा मुलगा तौसीफ सांगलीजवळ कुपवाडच्या कारखान्यात लेथवर कामाला लागला, तिथल्या दोस्तांबरोबर तबलीगच्या जमातीत जाऊ लागला आणि घरातलं फातेहा, चादर, सगळं थांबलं. हमीदाही लेकाच्या मागनं तिकडं झुकली, आणि झुकली ती मनापासून.

"मेलेल्या मानसाकडं काय मागतीस गं?" हमीदा विचारायची.

"मागत न्हाई, सलाम करते. तुमाला जित्त्या मानसाला सलाम करायचं जिवावर येतंय, त्याचं काय?"

तरी दर उरुसाला अकिला पुलावाची डेग उतरवली की पहिला डबा हमीदाचा भरायची. फातेहा पढायच्या आधी. फातेह्यानंतरचं हमीदाला चालत नव्हतं आणि अकिलाच्या हातचं खाल्ल्याशिवाय तिचं भागत नव्हतं. फातेहा राहिला जागच्या जागी आणि पुलाव गेला हमीदाच्या घरी. यात कुणाचा धर्म बुडाल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही.

मशिदीतही तेच. जुम्म्याच्या नमाजनंतर पैगंबरांवर सलाम पढायला निम्मे लोक उभे राहायचे, निम्मे पाय न वाजवता मागच्या मागं निघून जायचे. बाहेर चपला मात्र एकमेकांच्या घालायचे. बाहेरून आलेला कुणी याला एकी म्हणाला की अकिला हसायची. एकी कसली, रोज भांडण आणि रोज चहा.

मग गावाला शहाणपण आलं. दर्ग्याचा कारभार बघणारे मुतवल्ली चांदसाहेब यांनी बाहेरून एक नवा मौलवी आणला. पोरगेला, गोरागोमटा, आवाज मोठा. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की जमातवाल्यांशी सोयरीक नाही, त्यांच्या मागं नमाज नाही, त्यांच्या मयतीला खांदा नाही. तिकडं तौसीफ आणि त्याच्या दोस्तांनीही वेळ दवडला नाही. आपल्या मोकळ्या जागेत नमाजासाठी पत्र्याचं शेड उभं केलं आणि जाहीर केलं की पीरवाल्यांशी आपलाही संबंध संपला. दोन्हीकडचे रात्रंदिवस फोनवर व्हिडिओ बघत होते आणि एकमेकांना काफिर ठरवत होते. इतक्या वर्षांत ज्यांनी शेजारच्याच्या बापाला खांदा दिला, तेच लोक आता समोरून आले तर रस्त्याकडच्या उसाकडं बघत जायचे. खरं सांगायचं तर लाज वाटावी असं चित्र होतं.

एका दुपारी चांदसाहेबांनी अकिलाला दर्ग्याच्या ओट्यावर बोलावलं. मौलवी बाजूलाच बसला होता.

"भाबी, जमातवाल्यांच्यातली मयत आता तुमी धुवायची न्हाई," चांदसाहेब म्हणाले. "दर्ग्याच्या जमातीचा ठराव झालाय."

"कुठल्या जमातीचा? मी तर हात वर केला न्हाई."

"बायकांनी हात वर करायचा नसतोय."

"मग बायकांचं मढं धुवायचं का न्हाई ते तुमी कशापायी ठरवताय? तुमी बघितलाय काय कवा तो मयत धुवायचा तख्ता? मेलेल्या बाईच्या कपाळावर काय लिवलेलं असतंय का, ही पीरवाली, ही जमातवाली?"

मौलवीनं तोंड उघडलं. अकिलानं त्याच्याकडं एकदाच पाहिलं.

"तुमी बसा वो. तुमच्या आईला धुवायची येळ आली तर मलाच सांगावा धाडा. मी तिचा बी मसलक, पंथ इचारनार न्हाई."

ती उठून आली. पण आतून हलली होती, कारण हमीदा तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मूत्रपिंडं गेली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असं सांगितलं होतं. तौसीफ कामावर गेला की अकिला तिच्याकडं जायची, बांगड्यांची पिशवी दाराआड ठेवायची आणि पायथ्याशी बसायची.

"मी गेले की तूच धू," हमीदा एक दिवस म्हणाली.

"मी आधी गेले तर?"

"तू कुटली जातीयास आधी. भांडायला कोन ऱ्हाईल मग?" हमीदा हसली आणि तिला धाप लागली. जरा वेळानं ती म्हणाली, "तौसीफ न्हाई म्हनंल. तरी तूच ये."

तौसीफची बायको आयेशा चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

हमीदा गेली ती बुधवारी सकाळी. अकिला त्या वेळी माळावरच्या वस्तीत एका नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होती. निरोप आला. तिनं नवरीच्या हातातली शेवटची बांगडी नीट बसवली, पिशवी तिथंच टाकली आणि चालायला लागली. वाटभर ती रडली. तौसीफच्या दारात पोचली तेव्हा मात्र तिनं डोळे कोरडे केले होते, कारण भांडायचं होतं.

तौसीफ दारातच उभा होता. डोळे सुजलेले.

"खाला, तुमी नका येऊ आत. आष्ट्यासनं आमच्यातल्या बायका यायल्यात."

"त्या तुझ्या आईला वळखत्यात?"

"त्यांना पद्धत ठावं हाय. तुमी दर्ग्यात माथं टेकता. आईला तुमचा हात नको."

अकिलाला हे फार लागलं. ज्या पोराला तिनं हमीदाच्या बाळंतपणात पहिल्यांदा कपड्यात गुंडाळलं होतं, तो तिचा हात बाटलेला ठरवत होता. तिथल्या तिथं माघारी फिरावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण हमीदा आत एकटी पडली होती.

"तौसीफ," ती म्हणाली, "तुज्या आईचं माजं काय पटत नव्हतं त्याची यादी तुला ठावं न्हाई एवडी मोठी हाय. त्यातलं निम्मं तर तुज्यावरनंच. पन तिनं मला सांगून ठेवलंय. तू बाजूला हो, न्हाईतर मी हितं उंबऱ्यावर बसते आन् सगळ्या गावाला वरडून सांगते, पोरगं आईचं ऐकत न्हाई."

"खोटं हाय ते. आई असं बोललीच न्हाई."

"बोलल्या," आतून आवाज आला. आयेशा. जी नवऱ्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. "माज्यादेखत बोलल्या. अम्मी म्हनल्या, तौसीफ न्हाई म्हनंल, तरी अकिलानंच धुवायचं. मी खोटं बोलत असले तर मला तिथंच तख्त्यावर घाला."

तौसीफ बाजूला झाला असं नाही, नुसता भिंतीला टेकला, आणि दार मोकळं झालं.

आष्ट्याच्या बायका पोचायच्या आधीच तख्ता मांडला. पाणी घालायला आयेशाला घेतलं. तांब्या तख्त्याच्या कडेला वाजत होता. "हळू," अकिला तिला म्हणाली, "तिला पानी कानात गेल्यालं आवडत न्हाई." मग हमीदाच्या हातातल्या बांगड्या काढायला घेतल्या. त्या तिनंच भरल्या होत्या, गेल्या ईदला. हात सुजलेला, बांगडी निघेना. फोडून काढणं सोपं होतं, पण अकिलानं साबण लावला, हात चोळला, बोटं एकत्र धरून हळूहळू सोडवली. एकही फुटू दिली नाही. चादरीखालून हात फिरवताना ती हमीदाशी मनातल्या मनात भांडत होती. मला सोडून आधी गेलीस, तुझा हट्ट सगळ्यात मोठा.

धुऊन, कफन चढवून ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती. इकडं तौसीफची जमात, पलीकडं चांदसाहेब आणि त्यांची माणसं. दोन्हीकडचे एकाच मयतीला येऊन, मध्ये रस्ता सोडून उभे होते.

"भाबी," चांदसाहेब मोठ्यानं म्हणाले, "ठराव मोडलासा. आता तुमच्या घरच्या मयतीला आमच्यातलं कुनी येनार न्हाई."

"आन् आमच्यातलंबी न्हाई," तौसीफच्या मागनं कुणीतरी म्हणालं.

अकिलाच्या हातांवर अजून कापराचा वास होता. तिनं पदरानं हात पुसले आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"बरं झालं, ह्या एका गोष्टीवर तरी तुमचं एकमत झालं. मग माजंबी ऐकून ठेवा. मी मेले की मला दोनीकडच्या बायकांनी धुवायचं. एक पीरवाली, एक जमातवाली. एकटी कुनी आली तर हात लावू द्यायचा न्हाई. मला तशीच ठेवा दारात. मग उन्हाळ्याच्या दिवसांत माजा वास आदी दर्ग्यात जातोय का पत्र्याच्या शेडात, ते बघत बसा दोघं."

लालासाहेब गर्दीच्या मागं उभा होता. बायको मराठीत बोलत असूनही तो त्या दिवशी दुकानाकडं गेला नाही. तो पुढं आला, टोपी सारखी केली आणि जनाज्याच्या पुढच्या पायाला खांदा लावला. दर्ग्याकडची दोन-चार माणसं त्याच्या मागं आली. चांदसाहेब आले नाहीत. ते आपल्या लोकांना घेऊन माघारी गेले.

पुढचे काही महिने पीरवाल्यांच्या घरांनी अकिलाला बोलावलं नाही, म्हणजे पुढच्या दारानं बोलावलं नाही. मागच्या दारानं बायका हात पुढं करतच होत्या. दर्ग्याच्या ओट्यावर तिला कुणी बसू देत नव्हतं, म्हणून ती दर गुरुवारी ओट्याखाली उभी राहून उदबत्ती लावायची, चांगली दोन बोटं जास्त लांबीची. आणि जमातवाल्यांच्या घरात एक म्हातारी गेली तेव्हा ती आयेशाला घेऊन गेली. तिथंही कुणी अडवलं नाही, पण चहाही कुणी विचारला नाही.

चांदसाहेबांची आई गेली ती पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी. सगळ्या गावाची बडीअम्मा ती. मौलवी सुट्टीला गावाकडं गेलेला. चांदसाहेब स्वतः चालत अकिलाच्या दारात आले. धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी लहान दिसत होता.

"भाबी. अम्मा गेली."

अकिला लगेच उठली. बडीअम्मानं तिला गावची सून म्हणून नव्हे तर लेक म्हणून वागवलं होतं. ती हात धुऊन आली, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यातच थांबली.

"पानी कोन घालनार?"

"आमच्या सुना हायत की."

"सुना रडतील बडीअम्माजवळ बसून. पानी आयेशा घालनार."

चांदसाहेबांचा चेहरा बदलला. "भाबी, आजच्या दिवशी तरी…"

"आजच्याच दिवशी, चांदभाई. मी तर कवाबी येनार, मला तुमी दारात कापून टाकलं तरी येनार. पन मयतीला दोगी लागत्यात, आन् दुसरी ती. तिला बोलवायला मी जानार न्हाई. तुमी जायाचं."

ते वळले आणि पत्र्याच्या शेडच्या गल्लीकडं चालायला लागले. अकिला त्यांच्या मागोमाग गेली, पण चार हात अंतर ठेवून. दार त्यांनीच वाजवायला पाहिजे होतं.

तौसीफनं दार उघडलं. दोघं समोरासमोर आले. चांदसाहेब एवढंच म्हणाले, "अम्मा गेली रं."

तौसीफनं खाली पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "आयेशा, खालाबरोबर जा." आणि खुंटीवरची गाडीची चावी काढली. "चाचा, कफनाचं कापड आनायचंय का? मी आष्ट्याला जाऊन येतो."

चांदसाहेबांनी होकारार्थी मान हलवली. दोघंही जागेवरून हलेनात. आयेशा पदर सावरत दोघांच्या मधून बाहेर आली.

"एकमेकाच्या तोंडाकडं बघत काय उभं ऱ्हायलायसा दोघं?" अकिला गल्लीतून ओरडली. "एकानं कापड आना, दुसऱ्यानं पानी तापवा."