देवघरातली डिग्री

आमचं कॉलेज युनिव्हर्सिटी झालं तेव्हा सगळ्यात आधी पाटी बदलली. मग प्राचार्यांचे कुलगुरू झाले, ऑफिस सांभाळणारे साहेब कुलसचिव झाले, कँटीनचं फूड कोर्ट झालं. वडा मात्र तोच राहिला. मी बॉटनी शिकवते, त्यामुळे माझं काहीच झालं नाही. उलट पहिल्याच मीटिंगमध्ये कुलसचिवांनी ऐकवलं, की हल्ली मुलांना डेटा लागतो, एआय लागतं, झाडंबिडं कोणी विचारत नाही. यंदा बॉटनीचा वर्ग भरला नाही तर विभाग बंद, आणि मॅडम, तुम्ही कायमच्या ॲडमिशन सेलमध्ये. म्हणजे उरलेली नोकरी फोनवरून पालकांच्या विनवण्या करण्यात घालवायची. माझं डोकं असं काही फिरलं, की त्या दिवशी वर्गात मुळांऐवजी मी व्यवस्थापनावरच बोलत राहिले.

उन्हाळ्यात आम्हा प्राध्यापकांना गावोगाव पिटाळलं. त्याआधी ट्रेनिंग. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला हसायला शिकवलं. ‘फाइलमध्ये स्वतःची डिग्री ठेवा, पालकांवर छाप पडते,’ असंही सांगितलं. ज्या पीएच.डी.साठी मी पेठ-सुरगाण्याचे डोंगर पालथे घातले, ती डिग्री लॅमिनेशन करून साडीच्या सॅम्पलसारखी दारोदार दाखवत हिंडायची वेळ आली. रडावं की हसावं कळेना. ट्रेनिंग झालेलं होतं, म्हणून हसले.

जून संपत आला तरी वर्गाला एक विद्यार्थी कमीच होता. वणी रस्त्यावरच्या एका गावात बारावी सायन्सची एक मुलगी आहे आणि तिला चक्क बॉटनीच हवंय, असं तिथल्या शाळेतल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलं. मी त्याच दुपारी स्कूटर काढली.

मुलीचे वडील द्राक्षबागेत फवारणी करत होते. पंप उतरवून ओट्यावर आले आणि मान डोलवत माझं सगळं ऐकून घेतलं. लॅब, ग्रंथालय, प्लेसमेंट. मी इतकी गोड बोलले, की माझी मलाच लाज वाटली. शेवटी डिग्री दाखवली. त्यांनी ती मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतली.

‘आता ॲडमिशनला हिचा दाखला अन् मार्कशीट लागेल,’ मी म्हणाले. ‘ओरिजनल.’

‘परत कधी देणार?’

‘तीन वर्षांनी. कोर्स झाला की.’

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘मॅडम, राग नका धरू. आमच्याकडं द्राक्षाचा व्यापारी येतो. घड हातात घेतो, एक नंबर माल म्हणतो, लय गोड बोलतो. गाडी भरून गेली का फोन बंद. तवापासून मी काही ठेवून घेतल्याबिगर माल हलवत नाय. तुम्ही हिचं ओरिजनल नेणार, मंग तुमचंबी ओरिजनल इथं राहू द्या.’

मी घाईघाईनं ओळखपत्राची झेरॉक्स पुढे केली.

‘झेरॉक्सवर मी बाग देत नाय, पोरगी कशी देऊ?’

डोळ्यांसमोर ॲडमिशन सेलमधला फोन आला आणि मी डिग्री त्यांच्या हातात दिली. ते आत गेले. देवघरात वणीच्या देवीच्या तसबिरीला टेकवून त्यांनी ती उभी केली. मुलीच्या आईनं येऊन डिग्रीला हळदकुंकू वाहिलं. आमच्या दीक्षान्त समारंभातसुद्धा तिचा इतका मान झाला नव्हता.

वर्ग भरला. मुलगी हुशार निघाली. गवताची काडी दिसली तरी वाकून बघायची. मला वाटलं, सुटले.

दिवाळीनंतर दोन फर्मानं एकदमच निघाली. पहिलं, बॉटनीच्या मुलांना पुढच्या वर्षापासून डेटाच्या कोर्सात ‘सामावून’ घेण्यात येईल. दुसरं, मूल्यांकन समिती येणार आहे, सर्व पीएच.डी.धारकांनी ओरिजनल डिग्र्या जमा कराव्यात. पीएच.डी. झालेली माणसं आमच्याकडे मोजकीच. एक जरी कमी भरली तरी युनिव्हर्सिटीची श्रेणी घसरणार होती.

डिग्री आणायला मी गावात गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘म्हंजे गाडी भरली अन् फोन बंद,’ ते म्हणाले.

मी मान खाली घातली. मुलगी दारात उभी होती. ‘मॅडम, मला डेटा नको. मला हेच शिकायचंय.’

‘मंग डिग्री इथंच राहील,’ वडील म्हणाले.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण इतका आनंद झाला, की मी दुसरा चहाही मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी जमेल तितका भोळा चेहरा करून कुलसचिवांना सगळी हकीकत सांगितली. ते खुर्चीतून उठलेच. ‘मॅडम, डिग्री कोणी गहाण ठेवतं का?’

‘तुम्ही मुलांचे दाखले ठेवता की.’

त्यांनी थेट मुलीच्या वडिलांना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘मी स्वतः घेऊन येतो. दाखवतो अन् परत नेतो.’

समितीच्या दिवशी ते खरंच आले. इस्त्रीचे पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, काखेत द्राक्षाचा पुठ्ठ्याचा बॉक्स आणि बॉक्सात कागदाच्या कातरणात ठेवलेली माझी डिग्री. समितीच्या अध्यक्षांनी ती हातात घेतली, बोटांना लागलेलं कुंकू बघितलं आणि विचारलं, ‘हे गृहस्थ कोण?’

‘आमचे इंडस्ट्री पार्टनर,’ कुलसचिव म्हणाले. एवढं चपळ त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

‘अरे वा! कुठल्या कोर्सशी जोडलेले आहात?’

‘बॉटनी,’ वडील म्हणाले. ‘आमची पोरगी तिथंच हाय. मधी बंद पडणार असं कानावर आलं होतं. पण नाय पडणार. काय साहेब?’

सगळ्या समितीनं कुलसचिवांकडे बघितलं. त्यांची मान हो म्हणाली; बाकी चेहरा काहीच म्हणाला नाही. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. डिग्री बॉक्सात गेली आणि बॉक्स वणीच्या बसमध्ये.

तेव्हापासून कुलसचिव माझ्या तब्येतीची कधी चौकशी करत नाहीत, त्या मुलीची मात्र करतात. पुढल्या वर्षीच्या माहितीपत्रकात बॉटनीला अख्खं पान मिळालं. फोटोतली पोरं कुठल्या देशातली होती कोण जाणे, पण पान आमचं होतं.

यंदा ती बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली. निकालानंतर बापलेक विभागात आले, तोच बॉक्स घेऊन. वडिलांनी डिग्री बाहेर काढली, उपरण्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ‘घ्या मॅडम. तुम्ही शब्द पाळला.’

मी हात पुढे केला आणि मुलीकडे बघितलं. ‘आता पुढे काय?’

‘एम.एस्सी. करायचंय, मॅडम. इथंच सुरू होणार आहे ना?’

एम.एस्सी. सुरू करू असं कुलसचिव गेल्याच आठवड्यात म्हणाले होते. अगदी गोड हसून म्हणाले होते.

मी हात मागे घेतला आणि डिग्री पुन्हा बॉक्सात ठेवली.

‘देवीजवळच राहू द्या,’ मी म्हणाले. ‘आणि हळदकुंकू चुकवू नका.’