पोटरीतली कळ

डॉक्टरीणबाईंची नजर पडद्यावरून हलत नव्हती. माझ्या डाव्या पायाला थंडगार जेली लावून त्या डॉप्लर करत होत्या. डॉप्लर म्हणजे शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय ते दाखवणारी सोनोग्राफी. गुडघ्याच्या मागं त्या थांबल्या. दाबलं, परत दाबलं.

"डीप व्हेन थ्रॉम्बोसिस है, बेटा."

म्हणजे पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असावा, म्हणून धाप लागते, असं त्या म्हणाल्या. त्याला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये तेही खरं निघालं.

मी एवढंच विचारलं, "मॅडम, खेलूँगा ना?"

"पहले साँस लो. गेंद बाद में."

मी कोल्हापूरचा. फुटबॉलपायी नववीतच शाळा सोडली. तालमीच्या संघातून खेळत खेळत इथं लखनौच्या एका क्लबात आलो. पायाशिवाय मला दुसरं काही येत नाही, म्हणून तो पाय बघताना माझं काय झालं असेल ते समजून घ्या. आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्यासारखं करू नका, म्हणून हे लिहितोय.

माझा रंग पक्का काळा. बाहेरगावी मॅच असली की लोक कुंपणाला लटकून ओरडायचे, "ए कोयला! अफ्रीका का टिकट कटा!" एकदा पाठीवर केळ्याची साल आली. मी हसायचो. हसलं की ते थकतात, असं मला वाटायचं.

मग घोटा मुरगळला. प्लॅस्टर घातलं. तशाच पायानं रेल्वेनं घरी जाऊन आलो, सगळा प्रवास पाय लोंबकळत. प्लॅस्टर निघालं आणि पोटरी दुखायला लागली. इथं राहून हिंदी बरी येते मला, पण दुखायला लागलं की तोंडात मराठीच येते. टीमचे मॅनेजर मिश्राजी, त्यांना फोन लावला.

"मिश्राजी, पोटरी में कळ आ रही है."

"पेट में? कल से?"

"हाँ हाँ, कळ! बहुत कळ!"

त्यांनी गॅसच्या गोळ्या पाठवल्या आणि दही-भात खा म्हणाले. मी खाल्ला. इतका घाबरलो होतो की काहीही गिळलं असतं.

पोटरीतली कळ थांबेना, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर वाकून बघून म्हणाले, "लाली तो है नहीं." शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, "इस पर लाली कहाँ दिखेगी साहब? तवे पर सिंदूर ढूँढ रहे हैं आप." सगळे हसले. मीपण हसलो. मलम घेऊन परत आलो.

त्यानंतर जिना चढताना दम लागायला लागला. माझ्या खोलीत फैजान राहतो, आमचा गोलकीपर, मलिहाबादचा. तो म्हणाला, "अबे, नब्बे मिनट दौड़ने वाला दो मंज़िल में हाँफ गया?" चेष्टाच करत होता, पण माझी बॅग त्यानं काढून घेतली.

त्याच संध्याकाळी कुलकर्णी काकूंचा फोन आला. काकू मूळच्या सांगलीच्या. काका रेल्वेत इंजिनिअर आहेत, इथंच मानक नगरात राहतात. एका मॅचला मी पडून "आई गं!" म्हणून ओरडलो, ते ऐकून त्या मॅचनंतर भेटायला आल्या होत्या. तेव्हापासून डबा पाठवतात.

"काकू, पोटरीत कळ येतेय. आणि दम लागतोय."

काकूंनी लगेच विचारलं, "पाय सुजलाय? दुसऱ्या पायाशेजारी ठेवून बघ बरं."

"सुजलाय."

"बाळंतपणानंतर मला हेच झालं होतं रे. फैजानला दे फोन. आत्ता निघायचं."

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही पाय शेजारी ठेवले आणि टेपनं मोजले. शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "साँवली त्वचा पर लाली छिप जाती है. सूजन नापिए, हाथ लगाकर गरमाहट देखिए." माझ्या रंगाबद्दल कुणीतरी न हसता बोलत होतं. मला रडायलाच आलं.

पोटात इंजेक्शनं झाली, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. गोळ्या चालू असताना धक्का लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मैदान बंद. कित्येक महिने मी बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. तपासणीला ओपीडीत नंबर लावून बसायचो तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगणार, संपलं म्हणून. फैजान घरचे दशहरी आंबे घेऊन शेजारी बसायचा आणि निम्मे स्वतःच खायचा.

आणि एक दिवस बाई म्हणाल्या, "नस साफ़ है. गोली बंद. जाओ, खेलो."

पहिल्याच मॅचला कुंपणावरून आवाज आला, "अबे कोयला, ज़िंदा है?"

सवयीनं हसू येणार होतं. पण त्या दवाखान्यात हसलो होतो ते आठवलं. त्या हसण्यापायी माझा जीव गेला असता. मी रेफरीकडं गेलो आणि म्हणालो, "सर, मैं नहीं हँसूँगा अब." रेफरीला काही कळेना. तेवढ्यात फैजान बॉल काखेत मारून गोल सोडून आला. "सर, पहले उन्हें चुप कराइए. तब तक गेंद हमारे पास है."

खेळ थांबला. त्या माणसाला बाहेर काढलं. मग बरोबरीत सुटली मॅच. मी गोल केला नाही, पण पूर्ण वेळ धावलो.

तुम्हाला एवढंच सांगतो. एकच पाय सुजला, दुखायला लागला तर दुसऱ्याशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. शब्द सापडला नाही तर बोट ठेवून दाखवा. कुणी हसलं तर तुम्ही हसू नका, दुसरा डॉक्टर गाठा. आणि दम लागला तर वाट बघू नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

मिश्राजी आता रोज सरावाआधी माझ्या पोटरीला हात लावून बघतात. त्यांना 'ळ' अजून येत नाही.

"क्यों भई, कल है?"

"कळ नहीं है, मिश्राजी. कल है."