विंडोज कीचं इरलं

कीबोर्ड कधी उलटा करून आपटून बघा. शेवेचे तुकडे, केस, बडीशेप, स्टेपलरच्या पिना, काय काय पडतं! आपल्याला वाटतं, हे आत गेलं कधी? आमच्या सेंटरमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. आपण आपलं काम करत असतो आणि ते आत साठत राहतात. कोणीतरी चहा पाजून जरा हलवलं की पडायला लागतात.

जव्हारला एसटी स्टँडजवळ वैशालीताईंचं कॉम्प्युटर सेंटर आहे. दाखले, ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स. मी तिथला ऑपरेटर, भास्कर. संध्याकाळी गिऱ्हाईक आटपलं की ताई शटर अर्धं खाली ओढतात, माहेरी फोन लावतात आणि आम्ही समोरासमोरच्या दोन मशीनवर फुटबॉल खेळतो. आम्ही म्हणजे मी, शेजारच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानातला मोखाड्याचा सुरेश, आणि मागाहून आलेला पोशेऱ्याचा हेमंत. या हेमंतला नीट लक्षात ठेवा. मी त्याला विसरायचा फार प्रयत्न केला, जमलं नाही.

माझं आयुष्यात मागणं फार मोठं नाही. कधीतरी चार माणसांनी मान वळवून म्हणावं, ‘हे कोणी केलं? भास्करने? वा!’ बस. एवढंच.

*

आमचा खरा शत्रू समोरचा खेळाडू नव्हता. आमचा शत्रू होती विंडोज की! खेळताना पळायला शिफ्ट दाबायचं, वळायला कंट्रोल. डाव्या हाताची करंगळी जरा घसरली की कंट्रोलशेजारची ती की दाबली जाते. मग गेम गायब, मेन्यू वर, आणि आपला गोलकीपर मैदानात एकटा उभा.

एकदा मी पेनल्टी घ्यायला निघालो आणि घसरली करंगळी. परत गेममध्ये येईपर्यंत सुरेशने उलटा येऊन गोल केला होता. मी ओरडलो, ‘‘अरे, मी नव्हतो तिथं!’’

सुरेश चार वर्षं ठाण्याला राहून आलाय. तो शांतपणे म्हणाला, ‘‘भाई, तू होतास तेव्हा काय वेगळं चाललं होतं?’’

*

पहिला उपाय सुरेशनेच केला. त्याने स्क्रू ड्रायव्हर घातला आणि की उपटूनच काढली. मोबाईलवाला तो, उपटण्यात पटाईत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कीबोर्ड बघितला. ‘‘याचा दात कोणी पाडला? आत्ताच्या आत्ता बसवा!’’

सुरेश खिसे चाचपतोय, टेबलाखाली बघतोय, की कुठं सापडेना. शेवटी वैतागून त्याने तंबाखू मळायला घेतली, चुन्याची डबी उघडली, तर बाई आत बसलेली! हरवू नये म्हणून त्यानेच ठेवलेली. धुतली, पुसली, बसवली. तिच्यावरची छापलेली खिडकी मात्र चुन्याने कायमची गेली.

ताई म्हणाल्या, ‘‘चला, एकाची तरी खिडकी बंद झाली. आता कामं करा.’’

*

मग मी मनावर घेतलं. उपटाउपटी हे अडाण्याचं काम, आपण सॉफ्टवेअरने करू. व्हिडिओ बघून एक छोटा प्रोग्राम उतरवला. त्यात नको ती की कायमची बंद करता येते. सगळ्यांना मागं उभं केलं. ताईंनासुद्धा फोन ठेवायला लावला. आज लोक मान वळवणार होते!

स्क्रीनवर आलं, बंद करायची की दाबा. मी ऐटीत बोट उचललं, बोलता बोलता हात टेकवला आणि ‘ओके’ केलं. टाळ्या! अगदी सुरेशनेपण वाजवल्या.

सकाळी ताईंची हाक आली. ‘‘भास्कर, इकडे ये. आपल्या तालुक्यातली सगळी माणसं एकमेकांना चिकटलीत.’’

नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं एका दमात. मी बंद केला होता तो स्पेसबार! चुकून की दाबली जाऊ नये म्हणून केलेल्या कामात मी चुकून की दाबली होती.

*

याच सुमारास हेमंत सेंटरला दुसरा ऑपरेटर म्हणून आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने आमचा खेळ बघितला, माझी करंगळी घसरताना बघितली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून नखाएवढी एक वस्तू काढली. बांबूच्या बारीक कामट्या विणून केलेली, पाठीला बाक असलेली. तिचे दोन पाय त्याने विंडोज कीच्या दोन्ही बाजूंच्या फटींत खोचले. आता बोट आलं तर वरच्या वर घसरून जायचं. खाली की सुखात! सकाळी काढून ठेवायचं, संध्याकाळी घालायचं. कीबोर्डला ओरखडा नाही.

ताई बघतच राहिल्या. ‘‘अगबाई! इरलं घातलंस की रे तिला!’’

आवणीच्या वेळी शेतात बाया पाठीवर घेतात ना पावसासाठी, हुबेहूब तसंच. तेव्हापासून त्याचं नाव इरलंच पडलं. झेरॉक्सला आलेली माणसं वाकून वाकून बघायची आणि विचारायची, ‘‘कोणी केलं हे?’’

माझा प्रश्न! मी इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न, आणि उत्तर काय, तर हेमंत! त्या दिवशी ताईंनी चहा आधी हेमंतला दिला. मला दिला तेव्हा वर साय आली होती. माझ्या पोटात जे काही जळलं ना, त्यावर ताईंना आणखी एक चहा ठेवता आला असता.

*

शिफ्ट लागोपाठ दाबली की कॉम्प्युटर टुंग करतो आणि एक चौकट येते. तिथं घाईत ‘हो’ म्हटलं की सगळा कीबोर्ड येड्यासारखा करायला लागतो. सोमवारी मी सगळ्यांना सांगितलं, ‘‘सेटिंगमध्ये जाऊन ती टिक काढून टाका, पुन्हा येणार नाही.’’ सुरेश भजी खात होता. ताई फोनवर होत्या.

मंगळवारी हेमंत म्हणाला, ‘‘ती टिक काढली तं नाय येत.’’

सुरेशने भजी खाली ठेवली! ‘‘काय डोकं आहे यार!’’

मी म्हणालो, ‘‘हे मी काल सांगितलं होतं.’’

ताई म्हणाल्या, ‘‘सांगितलं असशील रे. पण त्याने कसं समजावून सांगितलं!’’

*

मग मी ठरवलं, बांबू काय त्याच्या एकट्याच्या गावाला उगवतो? मीही इरलं करणार. रविवारभर अंगणात बसून कामट्या तासल्या. त्या कामट्यांनी मलाच तासलं. बोटाला चिंधी बांधून सोमवारी सेंटरला गेलो आणि माझं इरलं दोन नंबरच्या मशीनवर चढवलं.

त्याच्याखाली विंडोज की गेली, कंट्रोल गेली, आल्ट गेली आणि स्पेसबारही अर्धा गेला.

सुरेश लांबून बघून म्हणाला, ‘‘भाई, हे इरलं नाय, मांडव आहे. लग्न कोणाचं?’’

हेमंत हसला नाही. तो जवळ आला, माझं बोट बघितलं आणि म्हणाला, ‘‘दादा, कामटी आपल्याकडं नाय वढायची. मी दाखवतो.’’

आता सांगा, असल्या माणसाचा धड रागही करता येत नाही! हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

*

पालघरला कुठल्याशा मंडळाने गेमची स्पर्धा ठेवली. एका सेंटरमधून एकच खेळाडू. ताई म्हणाल्या, ‘‘भास्कर, हेमंत, तुम्ही दोघं खेळा, जो जिंकेल तो जाईल.’’ माझी झोप उडाली. हा गेला, तर याला सगळा जिल्हा ओळखणार!

मॅच सुरू झाली. अर्ध्या वेळेपर्यंत हेमंत दोन गोलने पुढे. सुरेश त्याच्या खुर्चीमागं उभा, ताईपण त्याच्याच खुर्चीमागं. माझ्यामागं फक्त झेरॉक्स मशीन.

इतक्यात हेमंतचा फोन वाजला. त्याच्या घरी रेंज नाही. आईला त्याला फोन करायचा तर टेकडी चढून वडाखाली उभं राहावं लागतं. उचलला नाही, तर म्हातारी तिथंच बसून राहते. म्हणून तो तिचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, मग समोर कोणी असो. त्याने फोन मानेत धरला आणि एका हाताने खेळायला लागला.

‘‘हां आये, बोल. शेळी? कुठं गेली? वहाळाकडं बघ ना.’’

शेळी सापडेपर्यंत मी तीन गोल केले. जिंकलो! नियमात ‘शेळी हरवल्यास खेळ थांबेल’ असं कुठंही नव्हतं.

मी हात वर करून उभा राहिलो. ताई हेमंतच्या पाठीवर हात ठेवून सुरेशला सांगत होत्या, ‘‘एका हाताने खेळला आणि फक्त एका गोलने हरला! बघितलंस का?’’

*

स्पर्धेला कीबोर्ड ज्याचा त्याने आणायचा होता. ताईंनी एक नंबरचा कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून दिला. हेमंतचं इरलं वरच होतं. हेमंत सकाळी स्टँडवर आला, त्याने कामटी दाबून बघितली आणि म्हणाला, ‘‘बसलंय घट्ट. जा दादा, मार.’’

हॉलमध्ये पोचलो तर पोरांचे कीबोर्ड म्हणजे दिवाळी! लाल, निळे, हिरवे दिवे. विंडोज की बंद करायचं एकाच्या कीबोर्डला वेगळं बटणच होतं. मी टॉवेल सोडला. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. दोघंतिघं हसले. पहिल्याच फेरीत मी हरलो, तेही दणकून. करंगळी एकदाही घसरली नाही, बाकी सगळं घसरलं.

मी टॉवेल गुंडाळायला घेतला, तेवढ्यात शेजारचा पोरगा म्हणाला, ‘‘एक मिनिट, हे काय आहे?’’ त्याने बोट लावलं. इरल्यावरून घसरवून बघितलं. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने चौघांना. बघता बघता माझ्या टेबलाभोवती गर्दी! मोबाईलवर फोटो निघायला लागले. कॉमेंट्री करणारा माइक घेऊन खाली उतरला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं त्याने विचारलं, ‘‘बांबूचं आहे हे! वा! कोणी केलं?’’

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माइक माझ्या तोंडाशी.

‘‘मी,’’ मी म्हणालो.

काय टाळ्या पडल्या! मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. आमच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, असंही सांगितलं. छाती अशी भरून आली की बस्स.

‘‘मग आम्हाला शिकवाच!’’ कॉमेंट्रीवाला म्हणाला. कोणीतरी बॅनरचा बांबू काढला, कोणीतरी स्वयंपाकघरातून सुरी आणली. मला स्टेजवर खुर्ची दिली. मी एका हातात बांबू आणि एका हातात सुरी घेऊन बसलो.

मी सुरी लावली आणि सवयीने कामटी आपल्याकडे ओढणार, तोच शेवटच्या रांगेतून कोणीतरी उठलं. मागच्या एसटीने आलेला हेमंत होता. सुरेश त्याच्या शेजारी बसला होता, तोंड उघडं टाकून.

हेमंत गर्दीतून वाट काढत थेट स्टेजपाशी आला. माझ्यासमोर खाली मांडी घालून बसला, हनुवटीखाली हात घेतला आणि म्हणाला, ‘‘शिकवा दादा. मला पन शिकायचा हाय.’’